नजर कमवावी लागते

‘चेंडूवर नजर ठेव, बॅटला लागेपर्यंत बघ!’ मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या प्रत्येक प्रशिक्षकाच्या तोंडी हे असतंच. बेसबॉलमध्ये मात्र ही आज्ञा पाळणं शरीराला शक्यच नाही. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, पायाखालच्या पट्टीपासून बॅटरजवळच्या होम प्लेटपर्यंतचं अंतर ६० फूट ६ इंच. लांब पाऊल टाकून चेंडू सोडेपर्यंत त्यातले पाच-सहा फूट पिचरच खाऊन टाकतो. ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने सुटलेला चेंडू सुमारे ०.४ सेकंदात प्लेटवर पोचतो आणि नुसती बॅट फिरवायला साधारण ०.१५ सेकंद लागतात. म्हणजे मारायचं की सोडायचं, हे चेंडू वाटेत असतानाच ठरवावं लागतं. शेवटच्या टप्प्यात तो इतक्या झपाट्याने सरकतो की बुबुळं त्याच्या मागे धावूच शकत नाहीत. टेरी बहिल आणि टॉम लारिट्झ या संशोधकांनी १९८४ मध्ये हे मोजून दाखवलं. त्यांनी तपासलेल्या व्यावसायिक खेळाडूची नजरही प्लेटच्या साधारण साडेपाच फूट अलीकडे चेंडूपासून सुटली होती.

क्रिकेटमध्येही असंच काहीसं घडतं. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड या संशोधकांनी २००० मध्ये फलंदाजांच्या नजरेचा माग काढला. चेंडू हातातून सुटताना फलंदाज तो टिपतो आणि मग टप्पा जिथे पडणार तिथे नजर आधीच जाऊन थांबते. जो जास्त तयारीचा, त्याची नजर तिथे लवकर पोचते.

म्हणजे नजर तयारीने कमवता येते, आणि म्हणून मला बेसबॉलपटू एडगर मार्टिनेझचं उदाहरण फार मोलाचं वाटतं. पोर्तो रिकोत वाढलेला हा खेळाडू १९८७ ते २००४ अशी सगळी कारकीर्द सिअ‍ॅटल मरिनर्सकडून खेळला. १९९२ आणि १९९५ मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम सरासरीचा बॅटर ठरला; १९९५ ची सरासरी होती ०.३५६. त्याच वर्षी यांकीजविरुद्धच्या निर्णायक सामन्यात अकराव्या डावात त्याने मारलेल्या फटक्यावर दोन धावा निघाल्या आणि सिअ‍ॅटलने मालिका जिंकली. या माणसाच्या डोळ्यात तिरळेपणाचा दोष होता. दोन्ही डोळे एका जागी जुळले नाहीत की चेंडू किती लांब आहे याचा अंदाज जातो, आणि बॅटरसाठी अंदाज जाणं म्हणजे सगळंच जाणं. मार्टिनेझने वर्षानुवर्षं डोळ्यांचे व्यायाम नेमाने केले. टेनिस चेंडूंवर आकडे लिहून ते यंत्रातून वेगाने सोडायचे आणि येणाऱ्या चेंडूवरचा आकडा वाचायचा, हाही त्याचा सराव होता. २०१९ मध्ये त्याला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं.

डोळ्यांची देणगी असतेच, हे नाकारण्यात अर्थ नाही. लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाच्या खेळाडूंची तपासणी झाली तेव्हा त्यांची दृष्टी सर्वसाधारण माणसापेक्षा बरीच तीक्ष्ण निघाली. पण तीक्ष्ण डोळ्याला काय शोधायचं ते माहीत नसेल तर तो हतबल होतो. २००४ मध्ये सॉफ्टबॉलची पिचर जेनी फिंच हिने एका प्रदर्शनी सामन्यात अल्बर्ट पुहोल्ससारख्या बेसबॉलमधल्या दिग्गजाला बाद केलं. तिचा चेंडू बेसबॉलपेक्षा मोठा, वेगही कमी, अंतर मात्र जवळचं आणि हात खालून फिरणारा. पुहोल्सची नजर हजारो वेळा वरून येणारा हात वाचून तयार झाली होती. खालून फिरणाऱ्या हाताचे खांदा, कोपर, मनगट त्याने कधी वाचलेच नव्हते.

इथे मनाची तयारी सुरू होते. अनेक बॅटर पिचरने हात उचलेपर्यंत त्याच्या टोपीवरच्या चिन्हाकडे सैल नजरेने पाहतात आणि हात वर येताच, चेंडू जिथून सुटणार त्या जागेवर नजर आवळतात. सुरुवातीपासून डोळे ताणून धरले तर नेमक्या क्षणी ते थकलेले असतात. क्रीडा मानसशास्त्रज्ञ केन रविझा बॅटरला मैदानातली एक ठरावीक जागा निवडायला सांगत. मन भरकटलं की तिकडे बघायचं, श्वास घ्यायचा आणि मागचा चुकलेला फटका तिथेच सोडायचा. बॅटर इव्हान लाँगोरिया यासाठी लेफ्ट फील्डकडच्या फाउल पोलकडे, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेच्या खांबाकडे, पाहत असे.

टेड विल्यम्स याहून पुढे गेला. १९४१ मध्ये ०.४०६ ची सरासरी राखणाऱ्या या बॅटरने पुढे आपल्या पुस्तकात स्ट्राइक झोनची, म्हणजे प्लेटवरच्या वैध चेंडूच्या चौकटीची, ७७ चेंडूंमध्ये विभागणी केली आणि कोणत्या जागी आपण किती सरासरीने मारतो, ते मांडलं. मधल्या हक्काच्या जागेत ०.४००, खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात ०.२३०. कुठला चेंडू शोधायचा आणि कुठला जाऊ द्यायचा, हे त्याचं बॅट हातात घेण्याआधीच ठरलेलं असे. लोक त्याच्या डोळ्यांचं कौतुक करत. मला त्याच्या संयमाचं जास्त वाटतं. चांगल्या चेंडूची वाट पाहणं हे मनाचं काम आहे आणि ते फार कठीण आहे.

आपल्या शालेय स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत, क्रिकेट तर गल्लोगल्ली आहे. सरावात बॅट किती वेळा फिरवली हे आपण मोजतो, नजरेचा सराव वेळापत्रकात क्वचितच असतो. प्रशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: बॅट खाली ठेवून नुसते चेंडू बघण्यासाठी रोज थोडा वेळ काढा. कुठून सुटला, कसा फिरला, कुठे गेला, हे मुलांकडून मोठ्याने वदवून घ्या. आणि एखादा मुलगा किंवा मुलगी सारखी चुकत असेल, तर ‘लक्ष नाही’ म्हणून ओरडण्याआधी त्यांना एकदा नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा.