दिवाणाची कीर्ती आणि रयतेची पाटी

आमच्या कित्येक विद्वान मंडळींस एक जुनी खोड आहे. देश पुढे कोणी आणला असे विचारले, की त्यांच्या तोंडून एखाद्या दिवाणाचे नाहीतर परराष्ट्रमंत्र्याचे नाव निघते. जपान वर आला तो मोरी आणि मुत्सू या मुत्सद्द्यांच्या अकलेने, आणि हैदराबाद संस्थानात नवे युग आणले ते पहिल्या सालारजंगांनी! मूठभर शहाणे वर चढले की शहाणपण आपोआप खाली झिरपते, हा या आरतीमागचा मंत्र. वाचकहो, हा मंत्र खरा की खोटा, हे आपण हिंगोलीच्याच मातीत उभे राहून तपासू.

हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फौजेवर हुकूम इंग्रजांचा आणि पगार निजामाच्या खजिन्यातून. पगाराची थकबाकी तुंबली आणि मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेले. त्याच महिन्यात मीर तुराब अली खान, म्हणजे पहिले सालारजंग, वयाच्या चोविसाव्या वर्षी दिवाण झाले. त्यांनी महसुलाचे मक्ते मोडून पगारी अंमलदार नेमले, १८६५ पासून जिल्हाबंदी केली, आणि १८७४ साली आगगाडी वाडीहून सिकंदराबादेस पोचली. मक्तेदाराच्या दाढेतून कुणबी सुटला, हे उपकार आम्ही नाकारीत नाही.

पण दिवाणसाहेबांचा जीव अडकला होता वऱ्हाडात. १८५७ साली त्यांनी निजामाचे वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले. त्याच्या मोबदल्यात १८६० च्या तहाने रायचूर दोआब व धाराशिव परत मिळाले, वऱ्हाड नाही. १८७६ साली ते विलायतेस गेले. ऑक्सफर्डने पदवी दिली, सरदारांनी मेजवान्या दिल्या, वऱ्हाड कोणी दिले नाही. १८८३ साली ते वारले आणि १९०२ साली कर्झनने वऱ्हाड पंचवीस लाखांच्या सालीना रकमेवर कायमचे लिहून घेतले. अर्जविनंतीच्या मुत्सद्देगिरीचे फळ हे!

आता रयतेचा हिशेब मांडा. गावचे दप्तर कुळकर्ण्याच्या मोडीत, वरचे दप्तर फारसीत, आणि धारा भरणारा दोन्हीकडे अंगठ्याचा धनी. दिवाणसाहेबांच्या मागे फारसी गेली आणि उर्दू आली. मराठी, तेलुगू, कानडी बोलणारा कुणबी होता तिथेच राहिला. १९१८ साली विद्यापीठ निघाले, तेही उर्दूचे. १९३१ च्या खानेसुमारीत संस्थानात शंभरात दहा माणसेही साक्षर निघाली नाहीत. पन्नास वर्षांत झिरपले काय? वाड्याचे पाणी वाड्यातच मुरले.

इकडे पुण्यात १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे मागितले ते हेच: पैसा शेतकऱ्याचा, तर शाळाही आधी त्याच्या पोरांना, आणि सक्तीची. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ते करून दाखविले. या दोघांना देश उभारणारे म्हणताना विद्वानांची जीभ का अडखळते?

आता जपान पाहा. तेथे १८७२ सालीच गावोगाव शाळेचा कायदा झाला. १८७३ साली शेतकऱ्यावर रोख धारा आणि लष्करी चाकरीची सक्ती बसली. कारखाने आणि जहाजे उभी राहिली ती या पैशावर आणि या हातांवर. १८७६ साली शेतकरी उठले, तेव्हा पुढल्या वर्षी धारा तीन टक्क्यांचा अडीच टक्के झाला. तो कोणा वकिलाने मिळवून दिला नाही. मुत्सूंनी १८९४ साली इंग्रजांकडून बरोबरीचा करार मिळविला, तो अशा शिकलेल्या व राबणाऱ्या रयतेच्या जोरावर. सालारजंगांच्या पाठीशी हा जोर नव्हता.

परंतु जपानची भलावण करणाऱ्यांनी पुढचे पानही उलटावे. मोरी आरिनोरी अमेरिकेत व इंग्लंडात वकील होते. १८७६ साली कोरियाच्या प्रश्नावर ते पेकिंगात चीनशी वाद घालीत होते आणि त्याच साली जपानने आरमाराच्या धाकाने कोरियाकडून करार लिहून घेतला. हेच मोरी १८८५ साली शिक्षणमंत्री झाले. शिक्षण राज्याच्या कामासाठी, हे त्यांचे धोरण. गुरुजी घडविणाऱ्या शाळांत त्यांनी लष्करी कवाईत नेली. पोरे वाचायला शिकली आणि हुकूम पाळायलाही शिकली. १८९५ साली तैवान आणि १९१० साली कोरिया गिळला. १९४५ साली सारा डोलारा कोसळला, तेव्हा मुडदे पडले होते ते याच शेतकऱ्यांच्या पोरांचे. एकीकडे रयतेच्या हाती पाटी दिलीच नाही, दुसरीकडे दिली ती बंदुकीच्या आधीची पायरी म्हणून. मुत्सद्द्याच्या नजरेत रयत दोन्हीकडे सामानच.

निजामाचे राज्य १९४८ साली गेले, हिंगोली जिल्हा १९९९ साली झाला, पण झिरपणीचा मंत्र मेला नाही. २०२३ साली कमी पटाच्या शाळा मोडून समूहशाळा काढण्याचा विचार सरकारने पुढे केला. दूरची मोठी शाळा चांगली म्हणे! तांड्यावरची सात वर्षांची मुलगी तिथवर रोज जाणार कशी, हे त्या कागदाला कोण विचारणार? गावची शाळा हे गरिबाचे वऱ्हाड आहे. ते अर्ज करून परत मिळत नाही. हातचे जाऊ देऊ नये.

म्हणून बंधुभगिनींनो, दिवाणांच्या आरत्या पुरे. पुढच्या ग्रामसभेत उठा, आमच्या पोरांच्या शाळेचे काय करणार हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या, आपल्याला वाचता येईल अशा मराठीत.