हिरवं किट म्हणजे निदान नव्हे

अंगावरून पांढरं जातंय, हे बाई सहसा पहिल्या वाक्यात सांगत नाही. कंबर दुखते, कमजोरी वाटते, चक्कर येते, असं करत करत ती तिथवर पोचते. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत एका दिवसाची मजुरी बुडवून यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणीहून किंवा घाटंजीच्या एखाद्या पोडावरून ती दवाखान्यात आलेली असते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने तिच्यासाठी रंगावरून ओळखता येणारं औषधांचं पाकीट ठरवून दिलं आहे. हिरवं किट, म्हणजे सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम. स्पेक्युलम घालून तपासा, असं नियमावली सांगते. पण तपासणी न करताही किट देता येतं, आणि गर्दीच्या ओपीडीत मग तपासणीच गळते. माझा आक्षेप औषधांवर नाही. न तपासता दिलेल्या त्या पाकिटाला निदान समजण्यावर आहे.

लक्षणांवरून उपचार करण्याच्या बाजूचं म्हणणं आधी नीट मांडायला हवं, कारण ते पोकळ नाही. जिथे प्रयोगशाळा नाही तिथे बाईला अहवालासाठी चार दिवसांनी परत बोलावलं तर ती येत नाही, म्हणून पहिल्याच भेटीत औषध द्यावं. शिवाय योनीचे नेहमीचे तीन आजार म्हणजे जिवाणूंचा असमतोल, कॅन्डिडा बुरशी आणि ट्रायकोमोनास. हिरव्या किटमध्ये तिन्हींवर औषध आहे, मग नेमका कोणता ते शोधत का बसायचं? टांझानियातल्या म्वांझा भागात लैंगिक आजारांवर अशाच पद्धतीने उपचार झाले आणि एचआयव्हीच्या नव्या लागणी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, हे १९९५ साली लॅन्सेटमध्ये आलं. पुरुषाच्या लघवीच्या जागेतून येणारा पू किंवा गुप्तांगावरची जखम यांच्या बाबतीत ही पद्धत चालते, हे मलाही मान्य आहे.

बाईच्या पांढऱ्या पाण्याच्या बाबतीत मात्र ती चालत नाही. दह्यासारखं असेल तर बुरशी, पातळ आणि वासाचं असेल तर जिवाणू, पिवळं-हिरवं फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास, हे पाठ्यपुस्तकातलं चित्र प्रत्यक्षात फार थोड्या बायकांमध्ये इतकं स्वच्छ दिसतं. नुसत्या लक्षणांवरून या तिघांत खात्रीने फरक करता येत नाही, हा निष्कर्ष २००४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातल्या आढाव्याने काढला. बाईला स्वतःला कळतं म्हणावं, तर २००२ च्या एका अमेरिकी अभ्यासात बुरशी झाली असं समजून दुकानातून औषध घेतलेल्या ९५ बायकांपैकी जेमतेम एक-तृतीयांश जणींनाच फक्त बुरशीची लागण निघाली.

‘तिन्हींवर एकच किट’ या युक्तिवादात खरी गोम आहे. त्यात गृहीत धरलंय की या तिघांपैकी काहीतरी आहेच. पाळीच्या मधल्या दिवसांत किंवा गरोदरपणात जाणारं पाणी निरोगी असू शकतं. गरोदर बाईला तर फ्लुकोनाझोलची गोळी देऊच नये. आणि गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोगही कित्येकदा घाण वासाचं, रक्ताळलेलं पाणी घेऊनच येतो. स्पेक्युलम न घालता त्या बाईला किट दिलं, तर तिचे मोलाचे महिने गेले.

हे अंदाज नाहीत, आपल्याच मातीत मोजलेलं आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. निष्कर्ष जानेवारी १९८९ च्या लॅन्सेटमध्ये छापून आले. तक्रार ५५ टक्के बायकांची होती, स्त्रीरोग मात्र ९२ टक्के बायकांमध्ये सापडले. आधी कधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २,४९४ बायकांचा अभ्यास केला तेव्हा चित्राची दुसरी बाजू दिसली. पांढरं जाण्याची तक्रार १४.५ टक्के जणींची, आणि त्या तक्रारीचा संबंध जंतूंपेक्षा मनावरच्या ताणाशी आणि नैराश्याशी अधिक घट्ट. म्हणजे तक्रार ऐकून किट दिलं तर ज्यांना आजार आहे त्या कित्येक जणी सुटतात, आणि ज्यांना औषधाची गरज नाही त्यांना ते मिळतं. गोव्याचा दाखला देऊन ‘बायकांच्या मनाचेच खेळ’ म्हणणारेही भेटतात. त्यांना माझं सांगणं आहे की जंतू नाहीत हे आधी तपासून सिद्ध करा, आणि मग त्या बाईच्या मनावर कशाचा भार आहे ते बसून ऐका. तोही उपचारच आहे.

चुकीच्या निदानाची झळ घरातही लागते. ट्रायकोमोनास असेल तर नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं. बुरशी असेल तर सहसा नाही. न तपासता ‘दोघांनी घ्या’ म्हटलं की घरी पहिला प्रश्न येतो, हा रोग आणला कुणी? उत्तर बहुतेक वेळा बाईच्याच माथी मारलं जातं.

मग करायचं काय? स्पेक्युलम घालून आधी गर्भाशयाचं मुख बघावं. योनीच्या बाजूच्या भिंतीला पीएच कागदाची पट्टी टेकवावी. मुखावरचा चिकट स्राव किंवा पाळीचं रक्त लागलं तर पट्टी फसवते. पीएच ४.५ च्या वर असेल तर जिवाणू किंवा ट्रायकोमोनासचा संशय, खाली असेल तर बुरशीचा. काचपट्टीवर स्रावाचा एक थेंब सलाइनमध्ये, एक १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये. दुसऱ्यातून मासळीसारखा वास उठला, किंवा बुरशीचे तंतू दिसले, तर पुष्कळ उलगडा झाला. पहिल्यात कडा जिवाणूंनी झाकलेल्या पेशी शोधायच्या, आणि थरथरत, झटके देत फिरणारा ट्रायकोमोनास. तो लगेच बघावा लागतो. काचपट्टी गार पडली की त्याची हालचाल थांबते आणि पांढऱ्या पेशींच्या गर्दीत तो हरवतो. ताज्या पट्टीवरही तो बऱ्याचदा निसटतो, म्हणून नुसतं ‘दिसला नाही’ यावर विसंबू नये. पण पाहिलंच नाही, यापेक्षा ते कितीतरी बरं.

यासाठी लागणारा मायक्रोस्कोप मलेरिया आणि क्षयाच्या पट्ट्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेलाच आहे. बायका आतून तपासू देत नाहीत, ही सबबही टिकत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तिशीपुढच्या बायकांची व्हिनेगरचं आम्ल लावून तपासणी करायचं सरकारने ठरवलंच आहे. त्याच टेबलावर, त्याच स्पेक्युलममधून पीएचची पट्टी लावायला एक मिनिट पुरतं. पडदा, दाराला कडी आणि तपासायला बाई डॉक्टर किंवा सिस्टर एवढं असलं की बहुतेक जणी तयार होतात. तरीही जी नको म्हणेल तिला स्वतःच स्वॅब घेऊ द्यावा. गोव्यात तोही पर्याय तपासून पाहिलेला आहे.

तंत्रज्ञाची नजर तयार नसेल तर ती तयार करता येते. सलाइनची ओली पट्टी प्रवासात निकामी होते, पण वाळवून पक्की केलेली पट्टी वणी किंवा उमरखेडहून यवतमाळला सुखरूप पोचते. वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने दर महिन्याला प्रत्येक केंद्राच्या थोड्या पट्ट्या ग्रॅम पद्धतीने रंगवून जिवाणूंचा असमतोल मोजणाऱ्या न्यूजेंटच्या गुणांप्रमाणे वाचाव्यात आणि केंद्राचं निदान कुठे चुकलं ते लेखी कळवावं. क्षयाच्या पट्ट्यांची फेरतपासणी अशीच होते. पीएच कागद, हायड्रॉक्साइडची बाटली आणि स्पेक्युलम यांची मागणी येत्या वर्षाच्या जिल्हा आरोग्य आराखड्यात घालावी.