भोगीचा तीळ वाण्याकडून का?

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीस, चाकण परिसरात तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि घेवडा, पावटा, वांगी, गाजर व हरभऱ्याचे सोलाणे यांची मिश्र भाजी होते. संक्रांतीस सुगडांत घाटे, उसाचे करवे, बोरे व गव्हाच्या ओंब्या भरून सुवासिनी परस्परांस वाण देतात. सणाचे हे ताट म्हणजे हंगामाचे पत्रकच होय. त्यातील बहुतेक जिन्नस त्या सुमारास शिवारातच असतात.

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला; पुढे कारखानदारी चाकणपर्यंत पोहोचली. ज्यांची जमीन गेली त्यांचा प्रश्न निराळा. परंतु ज्यांच्याकडे अद्याप दोन-चार एकर आहेत, त्यांनीही भोगीचा तीळ वाण्याकडून आणावा, हे खटकते. कांद्याच्या भावावर सारा संसार टांगून ठेवणाऱ्याने तर याचा अवश्य विचार करावा.

तीळ हे सुमारे तीन महिन्यांचे खरीप पीक. बाजरीत त्याच्या काही ओळी सहज बसतात. मात्र पाने पिवळी पडू लागताच, बोंडे तडकण्यापूर्वी कापणी करून पेंढ्या उभ्या वाळवाव्यात. दिरंगाई झाल्यास दाणा मातीत जातो. पावट्याच्या वेलास तर बांधही पुरतो.

कारखान्यांभोवती वसलेल्या कुटुंबांना हेच जिन्नस जानेवारीत विकत घ्यावे लागतात. गिऱ्हाईक असे दारात असता चार शेतकऱ्यांनी मिळून सुगडाचे वाण बांधून विकण्यास कोणती हरकत आहे? तिळाचे बियाणे तेवढे मृगापूर्वी घरात हवे.