"शिकवण्या घे ना!"

माझी भाची नवऱ्याबरोबर न्यू जर्सीला गेली. इथे एका कारखान्यात नऊ वर्षं जमाखर्च बघत होती. आता जो तो फोनवर सांगतो, "घरी शिकवण्या घे ना!" मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, म्हणून जास्तच राग येतो. शिकवणं म्हणजे काय रिकामपणचा उद्योग? शिवाय एच-४ व्हिसावर परवान्याशिवाय पैसे घेऊन शिकवताही येत नाही! २०१५ पासून काही जणींना कामाचा परवाना मिळतो, पण साधारणपणे नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण बरंच पुढे सरकलं असेल तरच. मंडळी, जावयाचा पगार आम्ही सगळ्यांनी विचारला होता. तिच्या कामाचं कुणीच नाही, मीसुद्धा नाही. तुमच्याकडे कुणी निघालं असेल तर आधी तेवढं विचारा.