तापाचं औषध: भीती नको, माप हवं

ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या बातम्या आल्या आणि घराघरातल्या अम्मींनी कपाटातली सिरपची बाटली बाहेर काढून तिच्यावरचं नाव वाचलं. साध्या सर्दी-तापासाठी ‘कोल्ड्रिफ’ घेतलेल्या लहान मुलांची लघवी बंद झाली, किडन्या निकामी झाल्या आणि वीसहून जास्त मुलं दगावली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणलं होतं. म्हणजे हे दुःख महाराष्ट्राने दुरून नाही, स्वतःच्या दवाखान्यात पाहिलं.

तेव्हापासून आम्हाला दोन प्रकारचे पालक भेटतात. एक म्हणतात, “आता कुठलंच सिरप नको, ताप अंगावर काढू.” दुसरे म्हणतात, “आमचा मेडिकलवाला ओळखीचा आहे, तो देईल ते चालतं.” आमच्या मते दोघंही चुकतात. कारण इथे धोके दोन आहेत आणि ते वेगवेगळे आहेत.

पहिला धोका कारखान्यातला. कोल्ड्रिफच्या एसआर-१३ या बॅचमध्ये तामिळनाडूच्या प्रयोगशाळेला डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं, तेही ४८ टक्क्यांहून जास्त. परवानगी फक्त ०.१ टक्क्याची आहे. हे रसायन उद्योगधंद्यात वापरायचं. औषधात लागणाऱ्या शुद्ध द्रावकाच्या जागी ते आलं की किडनी जाते. ही गोष्ट नवीन नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने भेसळ झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. २०२२ मध्ये गाम्बियात सुमारे ७० मुलं दगावली, तेव्हा भारतात बनलेल्या चार सिरपबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला. चाळीस वर्षांत विष तेच आहे आणि तपासणीतली ढिलाईही तीच.

छिंदवाड्यातल्या आई-बापांनी काय चूक केली? काहीच नाही. अनेकांनी तर डॉक्टरने लिहून दिलेलंच औषध पाजलं. बाटलीतलं रसायन कुठली आई ओळखणार? ते काम सरकारचं आणि औषध प्रशासनाचं आहे. याचा जाब आपण विचारलाच पाहिजे, आणि पालकांच्या माथी तो मारू देता कामा नये.

पण दुसरा धोका घरातला आहे, आणि तो आपल्या हातात आहे. तो म्हणजे चुकीचं औषध आणि चुकीचं माप.

भिवंडी, मालेगाव, मुंब्र्यासारख्या वस्त्यांत रात्री मूल तापलं की पहिला ‘डॉक्टर’ म्हणजे नाक्यावरचं मेडिकल. रोजंदारी बुडवून सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभं राहणं सगळ्यांना परवडत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून उपदेश न करता हिशेब सांगतो.

मुलांच्या तापासाठी पहिलं औषध पॅरासिटामॉल. त्याचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. दोन डोसमध्ये किमान चार तास, शक्यतो सहा तास अंतर, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. आता खरी गोम ऐका. बाजारात हेच औषध वेगवेगळ्या ताकदींत मिळतं. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचं म्हटलं, तर ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमवालं सिरप ६ मिली लागतं, २५०वालं फक्त ३ मिली, आणि १ मिलीत १०० मिलिग्रॅमवाले ड्रॉप्स फक्त दीड मिली. कुणी ड्रॉप्सची बाटली सिरप समजून एक चमचा, म्हणजे ५ मिली पाजली, तर मुलाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम गेलं. तिपटीहून जास्त! असं वारंवार झालं तर लिव्हरवर येतं. म्हणून बाटलीवरचं नाव वाचून थांबू नका, ‘५ मिलीत किती’ हे वाचा. माप बाटलीसोबतच्या टोपीने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने घ्या. घरातला चहाचा चमचा कधी लहान असतो, कधी मोठा.

दुसरी चूक डबल डोसची. सर्दीच्या कित्येक सिरपमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं, कोल्ड्रिफमध्येही होतं. वरून तापाचं वेगळं सिरप दिलं की डोस दुप्पट. दादीने दुपारी दिलं आणि अम्मीने संध्याकाळी पुन्हा दिलं, तरी तेच. फ्रिजवर कागद लावा आणि दिलेली वेळ लिहा. खोकला-सर्दीची सिरपं दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेच ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं आहे.

आणखी काही नावं लक्षात ठेवा. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांसाठी देशात २०११ पासून बंद आहे. कुणी ‘ताप लगेच उतरतो’ म्हणून दिलं तर परत करा. ॲस्पिरिन मुलांना ताप-दुखीसाठी देऊ नये. आयब्युप्रोफेन सहा महिन्यांखाली नाही, आणि डेंग्यूची शंका असेल तर अजिबात नाही, रक्तस्राव वाढू शकतो. पावसाळ्यात आपल्या गल्ल्यांत डेंग्यू किती असतो, हे सांगायला नको. मेफेनॅमिक ॲसिड डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. ताप हा स्वतः रोग नाही. औषध थर्मामीटरचा आकडा उतरवायला नाही, मुलाला आराम पडावा म्हणून असतं. मूल खेळतंय, पाणी पितंय, तर थोडा ताप राहिला तरी घाबरू नका. शांत झोपलेल्या मुलाला औषधासाठी उठवू नका. गोधड्यांत गुंडाळू नका, बर्फाचं पाणीही ओतू नका.

पण तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला, मूल सुस्त पडलं, झटका आला, श्वास जोरात चालला, मान ताठ झाली, सारखी उलटी होतेय, सहा-आठ तास लघवी नाही, किंवा ताप तीन दिवसांपुढे गेला, तर मेडिकल नाही, थेट दवाखाना. रात्र असो की दिवस. जाताना बाटली सोबत न्या.

औषध घेताना पक्कं बिल मागा, बॅच नंबर आणि मुदत पाहा, आणि मूल बरं होईपर्यंत बाटली फेकू नका. उद्या काही बिघडलं तर तोच पुरावा. पक्कं बिल मागणारं गिऱ्हाईक वाढलं की दुकानदारही सावध होतो, आणि प्रशासनाला विचारायला आपल्या हातात कागद राहतो. मूल ही आपल्याकडची अमानत आहे. कारखान्याचा हिशेब सरकारकडून घेऊ, चमच्याचा हिशेब मात्र आपणच ठेवायचा.