वर्तणुकीचा रकाना

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ या नांवाचा एक रकाना असतो. बहुतेकांच्या दाखल्यांत तेथें ‘चांगली’ एवढाच शब्द असतो, आणि तो कोणी दुसऱ्यांदा वाचीतही नाहीं. त्या जागीं मुख्याध्यापकांनीं दुसरें कांहीं लिहिलें असतें तर काय झालें असतें, ही कल्पना ज्या पालकांनीं एकदां तरी केली असेल त्यांस आजच्या विषयाचें मर्म लगेच ध्यानांत येईल. अमेरिकेचें सैन्य सोडणाऱ्या प्रत्येक शिपायाच्या हातीं असाच एक दाखला पडतो. ‘डी. डी. २१४’ हें त्याचें नांव. नोकरी मागावयास जा, घरासाठीं कर्ज काढावयास जा, सैनिकांच्या सरकारी रुग्णालयाच्या दारीं जा. प्रथम हा कागद पुढें ठेवावा लागतो, आणि त्यांतील वर्तणुकीच्या रकान्यांत काय आहे यावर पुढचें सारें बोलणें अवलंबून राहतें.

या शेऱ्याच्या मुख्य प्रती पांच आहेत. ‘सन्माननीय’ ही सर्वांत वरची. तिच्याखालीं ‘साधारण’, आणि त्याहून खालीं ‘सन्माननीयाहून अन्य’. या तिन्ही खटल्यावांचून, केवळ वरिष्ठांच्या हुकुमानें देतां येतात. ‘दुर्वर्तनाची’ व ‘अप्रतिष्ठेची’ या शेवटच्या दोन मात्र लष्करी न्यायालयाच्या शिक्षेवांचून देतां येत नाहींत. वरवर पाहतां पहिल्या दोहोंत फारसें अंतर दिसत नाहीं. परंतु २००१ नंतरच्या सैनिकांस महाविद्यालयीन शिक्षणासाठीं जी मोठी सरकारी मदत मिळते ती ‘सन्माननीय’ शेऱ्यावरच मिळते. ‘साधारण’वाल्यास तेवढ्या एका शब्दापायीं ती नाकारली जाते.

खरी रड आहे ती तिसऱ्या प्रतीची, म्हणून ती सविस्तर सांगितली पाहिजे. वीस-बावीस वर्षांचा शिपाई आघाडीवरून परत येतो. रात्रीं झोंप नाहीं, दारू जवळ केलेली, आणि एके दिवशीं रजा न घेतां तो छावणींतून निघून जातो किंवा वरिष्ठावर हात उगारतो. त्याच्यापुढें दोन वाटा असतात : लष्करी न्यायालयापुढें उभें राहून तुरुंगाचा धोका पत्करावयाचा, किंवा खटला टाळण्यासाठीं स्वतःच अर्ज करून हा तिसरा शेरा स्वीकारावयाचा आणि घर गांठावयाचें. त्याला घराची ओढ लागलेली असते. तो सही करितो. बराकींतून एक समजूत फार जुनी आहे, ती अशी कीं सहा महिन्यांनीं असला शेरा आपोआप बदलतो. ही समजूत साफ खोटी आहे, आणि तिच्यावर विसंबून किती जणांनीं सही केली असेल तें देवच जाणे.

आतां यांतील पेंच पाहा. युद्धांत मनावर बसलेल्या आघाताच्या विकारास अमेरिकेंतील मानसवैद्यांच्या संस्थेनें आपल्या विकारसूचींत स्वतंत्र नांव दिलें तें १९८० सालीं. व्हिएतनामांतून अमेरिकेचें लढाऊ सैन्य परतलें १९७३ सालीं. म्हणजे त्या युद्धांतील जे शिपाई झोंपेंतून ओरडत उठत, पळून जात, व्यसनांत बुडत, त्यांच्या दुखण्यास तेव्हां नांवच नव्हतें. दप्तरांत नोंद झाली ती गैरवर्तनाची. दुखण्यामुळें आगळीक झाली, आगळिकीमुळें शेरा बसला, आणि शेऱ्यामुळें त्या दुखण्यावरील औषध मिळेना. सैनिक-कल्याण खातें अशा माणसाच्या पात्रतेचा स्वतंत्रपणें विचार करूं शकतें, हें खरें. अलीकडे मानसोपचारांची दारें अशांपैकीं बऱ्याच जणांस उघडलीं आहेत, आणि २०२४ सालीं खात्यानें आपले पात्रतेचे नियमही बरेच सैल केले. परंतु सैनिकांच्या बाजूनें लढणाऱ्या वकिलांनीं २०१६ सालीं जो अहवाल प्रसिद्ध केला त्यांत, २००१ नंतर सैन्य सोडलेल्यांपैकीं सुमारें सव्वा लाख माणसें या शेऱ्यांमुळें खात्याच्या मूलभूत मदतीबाहेर राहिलीं असल्याचें दाखविलें होतें.

हा अन्याय नवा नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं तेथें निळ्या कागदावर छापलेला एक दाखला असे. तो ना सन्मानाचा, ना अपमानाचा. पण निळा रंग दिसला कीं नोकरी देणारा काय समजावयाचें तें समजे. त्या सैन्यांत कृष्णवर्णीयांचें प्रमाण शेंकडा ७ देखील नव्हतें. निळ्या कागदांपैकीं मात्र शेंकडा २२ त्यांच्या वांट्यास आले. समलिंगी असल्याच्या संशयावरून काढलेल्यांनाही हाच कागद मिळे. पिट्‌सबर्ग कुरिअर या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रानें १९४५ सालीं त्याविरुद्ध मोहीम उघडली, आणि १९४७ सालीं तो बंद झाला. ज्या १९४४ च्या कायद्यानें युद्धावरून परतलेल्या लाखों तरुणांस शिक्षण व घरें दिलीं, त्याच कायद्यानें दाखल्यांच्या फेरतपासणीचीं मंडळेंही स्थापन केलीं, याची आठवण तेथेंही फारशी कोणी काढीत नाहीं.

सैन्य सोडून १५ वर्षें झालीं नसतील तर अर्ज या फेरतपासणी मंडळाकडे करावयाचा. मुदत टळली असेल, किंवा शेरा वरिष्ठ लष्करी न्यायालयाच्या शिक्षेचा असेल, तर १९४६ च्या कायद्यानें निघालेल्या दप्तर-दुरुस्ती मंडळाकडे जावयाचें. दोन्हींचे छापील अर्ज आहेत, फी नाहीं, आणि वकील असलाच पाहिजे असाही नियम नाहीं. मग विनामूल्य वकिलाची एवढी मातबरी कशाला, असें वाचक विचारतील.

त्याचें कारण असें कीं मंडळ आरंभींच सैन्याचें दप्तर बरोबर आहे असें धरून चालतें. तें चूक आहे हें दाखविण्याचा भार अर्जदारावर असतो. आणि अर्जदार कोण? बहुधा असा मनुष्य, कीं ज्याला त्या दिवसांची आठवण काढली तरी घाम फुटतो, ज्याचा धड पत्ता नाहीं, आणि ज्यानें तो कागद वीस-वीस वर्षें बायकोलाही दाखविलेला नाहीं. तो अर्जाच्या एवढ्याशा जागेंत ‘मजवर अन्याय झाला’ असें दोन ओळींत लिहितो आणि टपालांत टाकतो. त्यावर काय उत्तर येतें तें सांगावयास नको.

वकील त्याच माणसाचें काम हातीं घेतो तेव्हां तो प्रथम कागद मागवितो. तेंही सोपें नसतें. सेंट लुई येथील दप्तरखान्यास १९७३ च्या जुलैंत आग लागली आणि सैनिकांच्या १ कोटी ६० लाखांहून अधिक नोंदी जळाल्या. १९६० पूर्वीं भूसेना सोडलेल्यांच्या शेंकडा ८० नोंदी तींत गेल्या. मग जुनीं पत्रें, पदकांचे कागद, बरोबरच्या शिपायांच्या जबान्या यांवरून सारें नव्यानें जुळवावें लागतें. भरतीपूर्वींचा मुलगा आणि परत आलेला मुलगा यांतील फरक आईनें किंवा बहिणीनें आपल्या शब्दांत लिहून दिला तर त्या पत्रास मोल असतें. मानसवैद्याकडून तपासणी करवून घ्यावी लागते, आणि शेवटीं आगळिकीची तारीख व दुखण्याचा आरंभ एकाच धाग्यांत ओंवून कैफियत लिहावी लागते. अशा एका प्रकरणास महिनेच्या महिने लागतात. एवढे तास जर दरानें मोजले तर अर्जदाराच्या आयुष्याची कमाई पुरावयाची नाहीं.

तें काम तेथें फुकट करणारीं माणसें आहेत. सान फ्रान्सिस्को येथें १९७४ पासून ‘स्वोर्ड्‌स टु प्लाउशेअर्स’, म्हणजे तलवारींचे नांगर, या नांवाची संस्था चालते. मोठमोठ्या पेढ्यांचे वकीलही एखादें प्रकरण विनामूल्य घेतात. आम्हांस सर्वांत कौतुक वाटतें तें येल, हार्वर्ड यांसारख्या विद्यापीठांतील कायद्याच्या विद्यार्थ्यांचें. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत जशी गरिबांस औषध आणि विद्यार्थ्यांस विद्या एकाच वेळीं मिळते, तशींच हीं कायद्याचीं साहाय्यकेंद्रें. देखरेखीस अनुभवी वकील, आणि धांवपळीस विशीं-पंचविशींतले तरुण.

या तरुणांनीं केवळ अर्ज लिहिले असें नव्हे. येलच्या केंद्रानें २०१४ च्या मार्चांत कांहीं व्हिएतनाम-सैनिकांच्या वतीनें सरकारावर दावा लावला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत संरक्षणमंत्री चक हेगेल यांनीं (हे स्वतः व्हिएतनामांत शिपाईगिरी केलेले) मंडळांस हुकूम दिला कीं आघाताच्या विकाराचा मुद्दा निघाल्यास उदार दृष्टि ठेवावी. २०१७ सालीं तो हुकूम अधिक स्पष्ट झाला. आतां मंडळास चार प्रश्न विचारावे लागतात : असा विकार किंवा अनुभव होता काय, तो सैन्यांत असतांना होता काय, त्यामुळें आगळीक क्षम्य अगर सौम्य ठरते काय, आणि तो विकार किंवा अनुभव शेऱ्याहून वजनदार ठरतो काय. सैनिकाची स्वतःची जबानी हाही पुरावाच. कागद निघाला तरी मंडळें जुन्या चालीवरून लगेच हटलीं नाहींत. पुन्हा दावा लावावा लागला, तेव्हां २०२१ सालीं भूसेनेनें तडजोड करून पूर्वीं फेटाळलेलीं हजारों प्रकरणें पुन्हा उघडण्याचें कबूल केलें.

एक गोष्ट लिहितांना संकोच होतो, पण ती टाळणें बरें नव्हे. सैन्यांत ज्या स्त्रियांवर, आणि पुरुषांवरही, सहकाऱ्यांकडूनच अत्याचार झाले, त्यांपैकीं कित्येकांस ‘स्वभावदोष’ असा शेरा मारून घरीं धाडण्यांत आलें. वरील उदार दृष्टीचा नियम त्यांनाही लागू आहे. तसेंच, समलिंगी असल्याचें उघड झाल्यास काढून टाकण्याचा जो कायदा २०११ सालीं संपला, त्याखालीं गेलेल्यांपैकीं ८०० हून अधिक जणांचे दाखले सरकारनें आपण होऊन २०२४ सालीं ‘सन्माननीय’ केले. आपण होऊन, हे शब्द या विषयांत इतके दुर्मिळ आहेत कीं ते मुद्दाम नोंदविले.

अपराध केला त्याला शिक्षा झाली, मग त्याची वकिली फुकट कशासाठीं, असा आक्षेप तेथें निघतो आणि येथेंही निघेल. सगळेच अर्जदार निरपराध असतात असें आम्ही म्हणत नाहीं. सारे अर्ज मान्यही होत नाहींत. परंतु ज्या शिक्षेला मुदत नाहीं ती तपासून पाहण्याची सोय ज्याच्याजवळ पैसा आहे त्यालाच मिळावी, हें आम्हांस पटत नाहीं.

हा विषय परका वाटूं नये म्हणून आणखी एक सांगतों. परदेशांत जन्मलेले पुष्कळ तरुण अमेरिकेच्या सैन्यांत शिरतात. मध्यंतरीं भाषांच्या ज्ञानावर अशी भरती झाली तेव्हां तींत पंजाबी, तमिळ या आपल्याकडील भाषाही होत्या. सैन्यसेवेच्या बळावर मिळालेलें नागरिकत्व, पांच वर्षें सन्मानानें पुरीं होण्यापूर्वींच तिसरा शेरा बसल्यास, काढून घेतां येतें. ज्यांचीं मुलें-नातवंडें तिकडे आहेत त्यांनीं हें ध्यानीं ठेवावें. आपल्याकडे सैनिकांच्या सेवाविषयक तक्रारींसाठीं २००९ पासून सशस्त्र सेना न्यायाधिकरण काम करीत असून त्याचें एक पीठ मुंबईस आहे. राष्ट्रीय विधि सेवा प्राधिकरणानें २०२५ सालीं सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांच्या विनामूल्य साहाय्याची योजनाही काढली आहे. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत करावी.

अमेरिकेंतील त्या छापील अर्जांविषयीं एक बारीक गोष्ट राहिली. सैनिक हयात नसला तरी त्याची पत्नी, मुलें किंवा जवळचा वारस अर्ज करूं शकतो; मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडला म्हणजे झालें. असे अर्ज येतात, आणि मंडळें ते तपासतात.