दोन टक्क्यांचे मानकरी

पावसाळा सरत आला की हल्ली पेपरात एक बातमी हटकून येते. अमुक विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले तीन प्राध्यापक जगातल्या अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत! सोबत फोटो, शाल, पुष्पगुच्छ. बातमी दोनदा वाचली तरी या तिघांनी शोधलं काय ते कळत नाही. कारण ते बातमीत नसतंच.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला मास्तर, मला त्यातलं काय कळणार, असं कुणी म्हणेल. म्हणूनच तर विचारतोय.

हा स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पुरस्कार असल्याचा समज बातम्यांनी करून दिला आहे. तसं काही नाही. तिथले प्राध्यापक जॉन इओनिडिस आणि त्यांचे सहकारी 'स्कोपस' या शोधनिबंधांच्या सूचीवरून हिशेब करतात. कुणाच्या निबंधांचा दाखला इतरांनी किती वेळा दिला, नाव पहिलं होतं की शेवटचं, वगैरे. एक यादी अख्ख्या कारकिर्दीची, दुसरी एका वर्षाची. बातमीत दोन्हींची सरमिसळ. निबंध वाचून कुणी केलेली ही निवड नव्हे, ही बेरीज आहे. इओनिडिस यांचा काय दोष? त्यांनी हिशेब मांडला, सत्कार आपण केला.

माटुंग्याचं यूडीसीटी (आताचं आयसीटी) म्हणजे १९३३ साली निघालेला मुंबई विद्यापीठाचा विभाग. तिथले डॉ. मनमोहन शर्मा १९९० साली रॉयल सोसायटीचे फेलो झाले. तिथे त्या विषयातली जाणती माणसं काम तोलून निवड करतात. त्या हाराला अर्थ आहे.

किंवा कमला सोहोनी. बाई म्हणून सी. व्ही. रामन यांनी आधी प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेवर काम करून त्यांनी दाखवलं की कुपोषित आदिवासी मुलांना, गरोदर बायकांना ती दिली तर प्रकृती सुधारते. माडाखाली जन्म काढलेल्या माणसाला हे एका वाक्यात कळतं!

नात्यातला एक पोरगा रसायनशास्त्रात पीएच.डी. झाला. विचारलं, काय शोधलंस?

"सात पेपर झाले, आजोबानू."

"अरे, पण शोधलंस काय?"

"तां मराठीत सांगूक जमाचा नाय."

सोडला नाही मी. पाऊण तासाने निघालं ते असं: कापडाच्या रंगाने गढुळलेलं पाणी उन्हात साफ करणारी एक भुकटी त्याने केली आहे. म्हणजे सांगता येतं की! पोर हुशार आहे, पण हा प्रश्न त्याला गाईडने विचारला नव्हता, नोकरीच्या मुलाखतीतही नाही. पेपर किती, एवढंच.

आमच्याकडे काजूच्या कारखान्यात बाया बिया फोडतात. टरफलातलं तेल लागून हातांची सालं निघतात. तेच तेल ब्रेकच्या लायनिंगला आणि रंगांना लागतं, म्हणजे त्यावर रसायनशास्त्र भरपूर झालंय. त्यातलं त्या बाईपर्यंत काय आलं? तिच्या गावच्या मुलाचा 'एच-इंडेक्स' वाढल्याची बातमी मात्र येईल.

तेव्हा विभागप्रमुखांनो, पुढच्या वर्षी फोटोखाली दोन ओळी छापून आणा: काय शोधलं आणि कुणाच्या उपयोगाचं. कुणाच्याच नसेल तर तसं लिहा, निव्वळ कुतूहलाचं संशोधनही आम्हांला चालतं. शाल हवी तर ठेवा.

आणि हे वाचणाऱ्या भाचे-पुतण्यांनो, तुमच्यात दोघे रसायनवाले आहेत. काय शोधलंत ते कळवा. मराठीत.